शिडीचे फोटो

फोटो काढण्याचा नाद असलेल्या माणसाकडून लोकांच्या काही ठरलेल्या अपेक्षा असतात. सूर्यास्त, गडकिल्ले, पावसात भिजणारी पोरे, नाहीतर लग्नातली नवरी. मी गेली वीस-बावीस वर्षे शिड्यांचे फोटो काढतो, असे सांगितले की ऐकणारा क्षणभर थांबतो आणि विचारतो, ''शिड्यांचे? त्यात काय एवढे?'' मोहल्ल्यातल्या वडीलधाऱ्यांचा प्रश्न अधिक सरळ असतो : ''सिडी का फोटो कायकू रे बाबा?''

प्रश्न रास्त आहे. त्याचे खरे उत्तर आमच्या घरात आहे.

अब्बा चुना मारायचे. दिवाळीच्या आधीचा महिना हा आमच्या घरचा हंगाम. त्या कमाईवर आमची ईद, आमची पुस्तके, बहिणींचे कपडे. चुन्याची कळी रात्री पिंपात भिजत घालायची, सकाळी गाळून घ्यायची, त्यात चिमूटभर नीळ टाकायची आणि शिडी खांद्यावर घेऊन निघायचे. शिडी बांबूची. सैल झालेल्या पायऱ्या अब्बा स्वतः काथ्याने आवळत. खालून चौथी पायरी मधोमध झिजली होती, कारण तिथे ते सगळ्यात जास्त वेळ उभे राहत. चार हात उंचीला पाया एक हात बाहेर, हे त्यांचे माप. पुढे कधीतरी वाचले की जगभर सुरक्षिततेचा नियम हाच सांगतात.

पहिल्या पगारातून मी जुना रीळचा कॅमेरा घेतला, तेव्हा अब्बा रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, ''जानदार की तस्वीर मत निकाल.'' या बाबतीत उलेमांमध्ये मतभेद आहेत, कॅमेऱ्यातले चित्र हे आरशातल्या प्रतिबिंबासारखे मानणारेही अनेक आहेत, हे मला ठाऊक होते. पण ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांच्या भिंती उजळ केल्या, त्याच्याशी हुज्जत घालावीशी वाटली नाही. माणसे, गुरे, पाखरे वगळली की उरतात दारे, विहिरी, भिंती. आणि आमच्या अंगणात उरली होती शिडी.

सुरुवातीला ती नाइलाजाने काढली. एका रिळात छत्तीस फोटो, त्यामुळे बटण दाबण्याआधी बघत बसावे लागे. बघता बघता कळू लागले की शिडी भर दुपारी काढून उपयोग नाही. सकाळी उन्हे तिरपी असताना एकेका पायरीची सावली भिंतीवर लांब पसरते आणि एका शिडीच्या दोन होतात. पायथ्याशी बसून वर कॅमेरा धरला, तर दोन्ही बांबू वर जवळ येत जातात आणि बारा फुटांची शिडी आभाळाला लागल्यासारखी दिसते. मुख्य म्हणजे, रिकामी शिडी कधीच रिकामी नसते. बघणारा मनातल्या मनात वर कोण गेले, खाली कोण येणार, हे विचारतोच. माणूस न दाखवता माणसाबद्दल बोलणारी वस्तू मला सापडली होती.

हा शोध माझा एकट्याचा नव्हता, हे नंतर समजले. इंग्लंडच्या विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बट यांनी 1844 ते 1846 या काळात 'द पेन्सिल ऑफ नेचर' हे फोटो असलेले पुस्तक भागाभागांनी प्रसिद्ध केले. छायाचित्रणाच्या अगदी बाल्यावस्थेतले हे पुस्तक. त्यातल्या एका चित्रात गवताच्या गंजीला शिडी टेकवलेली आहे. दुसऱ्या चित्राचे नावच 'शिडी'. एक माणूस वर माळ्याच्या दारात, दोघे खाली. त्या काळी फोटो उमटेपर्यंत माणसांना दम धरून निश्चल उभे राहावे लागे. शिडीला ते सांगावे लागत नसे! 1932 मध्ये आंरी कार्तिये-ब्रेसाँ यांनी पॅरिसच्या सेंट लाझार स्टेशनामागे काढलेला, डबक्यावरून उडी मारणाऱ्या माणसाचा फोटो जगप्रसिद्ध आहे. सगळे त्या माणसाकडे बघतात. मी बघतो पाण्यात आडव्या पडलेल्या शिडीकडे. तिच्यावरूनच तर त्याने उडी घेतली आहे.

माझी सर्वांत आवडती शिडी मात्र जेरुसलेमची. तिथल्या पवित्र कबरीच्या चर्चमध्ये, दर्शनी भिंतीवरच्या खिडकीखाली एक साधी लाकडी शिडी उभी आहे. अठराव्या शतकातल्या चित्रातही ती दिसते आणि एकोणिसाव्या शतकातल्या जुन्या फोटोंतही. त्या चर्चवर सहा ख्रिस्ती पंथांचा हक्क. आहे ते आहे तसे ठेवायचे, असा उस्मानी सुलतानाचा 1852 चा फर्मान. त्यामुळे सर्वांच्या संमतीशिवाय ती शिडी हलवायची नाही. आणि त्या चर्चची किल्ली सांभाळणारे जौदा घराणे व दार उघडणारे नुसैबा घराणे, दोन्ही मुसलमान. आपल्याकडेही मेराज या अरबी शब्दाच्या मुळाशी चढण्याचे साधन, म्हणजे शिडी, हा अर्थ आहेच. वर नेणारी शिडी आणि भांडणामुळे अडकून पडलेली शिडी, दोन्ही त्या एकाच शहरात आहेत, याचा मी पुष्कळदा विचार करतो.

अब्बा 2009 मध्ये गेले. त्यानंतर घरात त्यांचा फोटो शोधला, तर मतदार ओळखपत्रावरचा तेवढा मिळाला. टपालाच्या तिकिटाएवढा, काळपट, कुणाचाही वाटावा असा. नातेवाइकांनी बोलून दाखवले, ''पोरगा फोटोवाला आणि बापाचा एक फोटो नाही!'' ऐकताना आत काहीतरी हलायचे. पण त्यांचा शब्द मी त्यांच्या हयातीत पाळला, याचे समाधान त्या बोलण्यापेक्षा मोठे आहे.

शिवाय फोटो नाही असे तरी कसे म्हणू? एका फोटोत शिडी वाड्याच्या भिंतीला टेकलेली आहे, पायथ्याशी चुन्याने पांढऱ्या झालेल्या चपला आहेत आणि वरच्या पायरीला बादली लटकते आहे. अब्बा आत चहा पीत होते. दुसऱ्यात अर्धी भिंत पांढरी, अर्धी मळकी. पांढऱ्या भागावर शिडीची सावली आणि तिच्यावर हात उंचावलेल्या माणसाची सावली. तो फोटो मी भीतभीतच त्यांना दाखवला होता. त्यांनी तो बराच वेळ हातात धरला, मग म्हणाले, ''साया तो सबका पडता है,'' आणि परत दिला. ती परवानगी होती की नुसते निरीक्षण, हे मी विचारले नाही.

आता चुना कुणी फारसा मारत नाही. डब्यातला रंग, लांब दांड्याचा रोलर आणि ॲल्युमिनियमची घोडा शिडी, जी भिंतीला टेकावीच लागत नाही. मी तिचेही फोटो काढतो, आता मोबाइलवर. पेंटर पोरे हसतात, ''चाचा, हमारा बी निकालो,'' म्हणतात. मी त्यांचेही काढून देतो, कारण अब्बांचा शब्द माझ्यासाठी होता, त्यांच्यासाठी नव्हे. ते लगेच घरी पाठवतात, बिहारला, बंगालला. तिकडे आया बघत असतील, पोरगा किती उंच चढला ते.

माझ्या मुलीने दादांना पाहिलेले नाही. ते कसे दिसायचे, असे ती विचारते, तेव्हा मी ओळखपत्र काढत नाही. तिला तो सावलीचा फोटो देतो आणि चौथी पायरी दाखवतो.