दोन ग्लास

मिनियापोलिसच्या आमच्या घरी फ्रिजच्या मागच्या कप्प्यात एक बरणी असते. तळाशी दुधाळ साका, वर पिवळसर निवळ. पाहुण्यांना ते ताक वाटतं. ते बिअरचं यीस्ट आहे.

घरी बिअर करायची, तर खरं काम हा साका जिवंत ठेवण्याचं. महिना-दोन महिने पडून राहिला की त्यातल्या बऱ्याच पेशी मरतात. म्हणून बिअर करण्याच्या 2 दिवस आधी त्याला खाऊ घालायचं. 1 लिटर पाण्यात 100 ग्रॅम माल्टची पूड, 15 मिनिटं उकळी, मग 20 अंशांपर्यंत थंड करणं. कढत पाण्यात साका ओतला तर तो मरतो. घाईघाईत मी एकदा मारलाही आहे. भांडी निर्जंतुक हवीत. फ्लास्कवरची फॉइल सैल हवी, म्हणजे वायूला वाट मिळते. अधूनमधून फ्लास्क हलवला की हवा मिळून पेशी वाढतात. सडका वास आला, तर जीव न अडकवता फेकून द्यायचं.

आई आली तेव्हा मी बरणी भाज्यांमागे लपवली. तिच्या वडिलांची 2 एकर जमीन दारूत गेली. आमच्या घरी बिअरचं नावही कुणी मोठ्यानं घेत नसे.

चौथ्या दिवशी तिनं बरणी बाहेर काढली. "हे कसलं विरजण रे?"

हो म्हणणं सोपं होतं. पण विरजण लावायला मी तिच्याकडूनच शिकलो होतो. दूध कोमट हवं, लावल्यावर भांड्याला हात लावायचा नाही. मी खरं सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती.

"किती पितोस?"

"शनिवारी. 2 ग्लास."

"अण्णाही दोनच म्हणायचे," ती म्हणाली, आणि बरणी होती तिथे ठेवून दिली. महिनाभर पुन्हा विषय काढला नाही.

ती गेल्यावर मी मोजायला बसलो. माल्ट ग्रॅमवर तोलणारा मी, ग्लास कधी मोजलेच नव्हते. दोन नव्हते. कधी 3, कधी 4, आणि वार फक्त शनिवार नव्हता.

फ्रिजच्या दारावर एक कागद होताच, साक्याला खाऊ घातल्याच्या तारखांचा. आता त्यावर दुसरा रकाना आहे. फोनवर आई त्याबद्दल विचारत नाही. मीच दर रविवारी तिला आकडा सांगतो.