आबांची वाट

रायपूरच्या तात्यापाऱ्यातल्या त्या मराठी घरात आबांच्या फिरण्यावरून वाद झाला होता. सत्तरी ओलांडलेले आबा रोज पहाटे बूढा तालाबला जात. तिथून पुढे महाराजबंध तळ्याजवळच्या दूधाधारी मठात हात जोडल्याखेरीज त्यांना चैन पडत नसे. एके दिवशी मोठ्या रस्त्यावर स्कूटरचा ओझरता धक्का लागला. कोपर सोलवटले, एवढेच. पण मुलाने बजावले, "बाबा, आता फिरायचे ते गच्चीवर!"

आबा दोन दिवस गच्चीवर गेले. तिसऱ्या दिवशी अंथरुणातून उठलेच नाहीत. "कंटाळा आलाय," एवढेच म्हणाले. घरातल्यांच्या मनाला ते लागून राहिले.

"आबा, मोठ्या रस्त्याने कशाला गेलात?" कॉलेजात जाणाऱ्या नातीने विचारले.

"नेहमीची बोळ खोदून ठेवली होती गं. फोनला दुसरी वाट विचारली, त्याने मोठा रस्ता दाखवला. म्हटले, त्याला जास्त कळत असेल!"

नातीने नकाशा उघडला. आबांच्या पायाखालच्या कितीतरी बोळी त्यात नव्हत्याच. हा नकाशा ओपनस्ट्रीटमॅपचा होता. २००४ मध्ये इंग्लंडमध्ये सुरू झालेल्या या नकाशात कोणीही आपल्या गावची माहिती भरू शकतो. आपल्याकडेही फेब्रुवारी २०२१ मध्ये सरकारने नकाशे करण्यावरचे निर्बंध बरेच सैल केले.

रविवारी आजोबा-नात निघाले. आबा पुढे आणि फोन घेऊन नात मागे. उपग्रहाच्या खुणेवरून फोन चाललेली वाट टिपत होता. दाटीच्या बोळीत ती रेषा घरांवरून उड्या मारी. मग नात थांबून वळणे, पायऱ्या, सावलीची जागा वहीत लिहून घेई. "पायऱ्या नक्की लिही," आबा म्हणाले, "माझे गुडघे चालतील, शेजारच्या काकूंचे नाही चालणार."

घरी येऊन तिने रेषा काढल्या. तरी नकाशा लांबचाच रस्ता दाखवी! बऱ्याच वेळाने चूक सापडली. बोळीची रेषा तळ्याकाठच्या वाटेपाशी येऊन केसभर अलीकडे थांबली होती. डोळ्यांना जोडलेली दिसत होती, पण दोन्ही रेषांचा बिंदू एक नव्हता. नकाशाच्या लेखी तिथे भिंतच होती. तिने बिंदू जुळवला. काही दिवसांनी वाट विचारली, तेव्हा बोळीतला मार्ग उमटला.

एका ठिकाणी मात्र रहदारीचा रस्ता ओलांडावाच लागे. तिथे नकाशाचा इलाज नव्हता. नातीने ती जागा वडिलांना दाखवली. ते बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "उद्या मी येतो बाबांबरोबर."

आपल्या शहरांत तळी, बागा, मंदिरे आहेत. फिरायला जागा नाही असे नाही. पण एका जागेहून दुसरीकडे निर्धास्त चालत जाता येत नाही, आणि जिथे येते ती वाट चार जुन्या माणसांनाच ठाऊक असते. ती माणसे घरात बसली की वाटही हरवते.

दुसऱ्या दिवशी बाप-लेक मठातून परतले, तेव्हा आबांचा चहा स्वयंपाकघरातच झाला. कप ठेवता ठेवता ते नातीला म्हणाले, "तेलीबांधा तळ्याकडची एक वाट ठाऊक आहे मला. रविवारी मोकळी आहेस ना?"