पुस्तकांचा ताळेबंद



परवा मंदिरात स्वाध्याय संपल्यावर एकीनं विचारलं, "काकू, तुम्ही एवढं वाचता, ते पुस्तकातून की मोबाईलवर?" मी म्हटलं, "तिन्ही प्रकारे." तिसरा कुठला, ते तिला कळेना. तिसरा म्हणजे कानांनी! बी.कॉम. झालेल्या बाईला जमाखर्च मांडल्याशिवाय चैन पडत नाही, म्हणून आज या तिघांचा ताळेबंद.

आधी कागद. आमच्या सांगलीच्या घरात सासूबाईंचं, म्हणजे आमच्या आत्तींचं, शिसवी कपाट आहे. अर्ध्या भागात शास्त्रं, अर्ध्या भागात कथा-कादंबऱ्या. दर श्रुतपंचमीला सगळं बाहेर काढायचं, सावलीत पसरायचं, मऊ कुंच्यानं झाडायचं आणि वेष्टनं बदलायची. कसर लागू नये म्हणून कडुनिंबाची वाळलेली पानं ठेवायची. विषारी औषध आपल्याला चालत नाही, तेव्हा कसर होऊच न देणं हाच उपाय. दोन दिवस कंबर धरायची, पण घरभर जुन्या कागदाचा वास दरवळायचा.

मग ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचं पाणी घरात आलं. माणसं, कागदपत्रं, शेगडी माडीवर नेली. कपाट कुठलं हलतंय? पाणी ओसरल्यावर खालच्या दोन कप्प्यांचा लगदा झाला होता. वरचे कप्पे दमट, पण शाबूत. खराटा घेऊन चिखल काढताना मी रडले नाही, पण त्या लगद्याला हात लावला तेव्हा मात्र राहवलं नाही.

त्या दिवाळीत मुलानं ईबुक वाचायचं यंत्र आणून दिलं. "आई, आता पूर येऊ दे नाहीतर वाळवी." आधी मी नाक मुरडलं. पण खोटं कशाला बोलू? अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं, हे साठीनंतर फार मोठं सुख आहे. वजन नाही, कसर नाही. आपलं जेवण सूर्यास्ताआधी उरकतं, त्यामुळे संध्याकाळ मोठी असते. तेव्हा कादंबरी वाचायला हे उत्तम. एक मात्र सांगून ठेवते. जुनी पुस्तकं स्कॅन केलेली पीडीएफ असतात. त्यात अक्षर मोठं केलं की ओळ पडद्याबाहेर जाते आणि प्रत्येक ओळीला पान डावीउजवीकडे सरकवावं लागतं. डोळे वाचतात, पण बोटं दमतात.

दुसरा तोटा माझा मलाच सापडला. एकदा मोजलं, तर यंत्रात ११३ पुस्तकं भरलेली आणि वाचून झालेली १९! कपाट भरलं की जागा नाही म्हणून हात थांबतो. इथे थांबवणारं कुणीच नाही. परिग्रहाचं परिमाण घेतलेल्या बाईनं हे मोजायचं की नाही? मी मोजलं, आणि वाचून होईपर्यंत नवीन उतरवायचं नाही असं ठरवलं.

तिसरं, ऐकणं. मोतीबिंदूची दोन ऑपरेशनं महिन्याच्या अंतरानं झाली. डोळ्यांत थेंब, काळा चष्मा, वाचन बंद. तेव्हा लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' ऐकली. ते मुळातच बोलल्यासारखं लिहिलेलं. वाटलं, बाई शेजारी बसून सांगतायत. पुढे ज्वारी निवडताना ऐकायची सवयच लागली. पण पुस्तकात मन भरकटलं तर नजर दोन ओळी वर जाते. ऐकताना मन भरकटलं तर कथा थांबत नाही, ती पुढे निघून जाते. म्हणून शास्त्र ऐकायचं झालं तर मी निवडणं-टिपणं बाजूला ठेवते आणि हात जोडून बसते.

काहीजणी म्हणतात, जिनवाणी यंत्रात नको. मला तसं वाटत नाही. मुळात ती ऐकूनच जपलेली. गिरनारला धरसेनाचार्यांनी पुष्पदंत-भूतबली या दोन मुनींना तोंडी शिकवलं, मग त्यांनी षट्खंडागम लिहिला. तो ग्रंथ पूर्ण झाला तीच आपली श्रुतपंचमी. एकेकाळी शास्त्रं छापायलाही विरोध होता. आणि १९३९ मध्ये आपल्या अमरावतीहूनच धवलेचा पहिला छापील भाग निघाला. रूप बदलतं, विनय बदलू नये. फोनवर शास्त्र उघडावं आणि वरून लग्नाचं आमंत्रण टपकावं, हे मात्र मला जमत नाही. म्हणून शास्त्रासाठी चौरंग आणि कागदच.

आता खरं कारण सांगते. पुरानंतर वरच्या कप्प्यातली पुस्तकं पंख्याखाली वाळवताना आत्तींचं 'रत्नकरंड श्रावकाचार' हाती आलं. रोज कुठवर वाचलं, त्याच्या तारखा त्या पेन्सिलीनं कडेला लिहायच्या. आत्ती कडक होत्या. त्यांनी माझं कधी वाईट केलं नाही, पण जवळही घेतलं नाही. १९८३ मध्ये माझं पहिलं मूल पोटातच गेलं, तेव्हा त्या खोलीच्या दारातून एवढंच म्हणाल्या, "जेवून घे." ते मी मनात छत्तीस वर्षं धरून होते.

त्या वर्षीच्या पानावर सलग नऊ तारखांपुढे एकच ओळ होती: "सुनबाईला बरं नाही. आज वाचन नाही."

तापातही स्वाध्याय न चुकवणारी बाई ती. आता विचारायला त्या नाहीत. ते पान उघडं धरून मी बराच वेळ पंख्याखाली बसून राहिले.

हेच पुस्तक यंत्रातही मिळतं, अक्षरही स्वच्छ. पण त्यात ही ओळ नाही.

ते पान सुनेला दाखवलं. ती म्हणाली, "आई, फोटो काढून ठेवूया. पुन्हा पाणी आलं तर?" मी नको म्हटलं नाही. फोटो तिच्या फोनमध्ये आहे. पुस्तक नव्या वेष्टनात बांधून माडीवर ठेवलंय.