साताऱ्याच्या चढणीवर

ग्वाल्हेरच्या शिंद्यांचे मूळ गाव कण्हेरखेड सातारा जिल्ह्यातले. त्यामुळे ही वाट आम्हां उत्तरेकडील मराठी कुटुंबांना परकी नव्हे. १७०८ मध्ये छत्रपती शाहूंचा राज्याभिषेक साताऱ्यातच झाला.

येथे धावणाऱ्यास दोन वाटा उत्तम. एक उतरत कृष्णा-वेण्णेच्या संगमाकडे, माहुलीला जाते; दुसरी यवतेश्वर घाट चढते. घाटात २०१२ पासून सुमारे २१ किलोमीटरांची अर्धमॅरेथॉन होते. चढावर दम राखावा, उतारावर गुडघे. पुढे कासच्या पठारावर मात्र रस्ता सोडू नये. तेथे कातळावरील मातीचा थर अगदी पातळ, आणि पावसाळ्यातील सारी फुले त्याच्याच आधारावर.

पूर्वजांनी घोड्यावरून मागे टाकलेला हा मुलूख आमच्या मुलांनी निदान पायांनी ओळखावा, एवढीच इच्छा.