चकलीला लागणारे कागद

गणपती गेले की फराळ करणाऱ्या बायकांचे फोन सुरू होतात. “मॅडम, घरगुती फराळाचं लायसन्स काढून द्या.” पण घरातल्या धंद्याला सगळीकडे चालेल असं एकच लायसन्स आपल्याकडे नाही. एक खातं उलाढाल विचारतं, दुसरं कामाला माणसं किती ते विचारतं, तिसऱ्याला विजेची युनिटं बघायची असतात.

अन्नाची नोंदणी त्यातल्या त्यात सोपी. 2011च्या नियमांनी वर्षाला 12 लाखांपर्यंत उलाढाल असलेल्यांना लायसन्सऐवजी साधी नोंदणी दिली आणि फी ठेवली वर्षाला 100 रुपये. अर्ज फॉसकॉस पोर्टलवर घरूनच भरता येतो. सात दिवसांत नोंदणी, नकार किंवा तपासणीची नोटीस, यांपैकी काहीच आलं नाही तर धंदा सुरू करायची मुभाही त्याच नियमांत आहे. एजंट हे कधी सांगत नाहीत. त्यांचा धंदाच ‘लवकर करून देतो’वर चालतो.

खरी गंमत पाकिटावर. शेजारणीने आणलेल्या डब्यात पाव किलो चकली तोलून दिली तर लेबलाचा प्रश्न नाही. तीच पाकिटात सीलबंद करून दुकानात ठेवली की वैधमापनाचे नियम लागतात: निव्वळ वजन, एमआरपी, तक्रारीसाठी फोन. अन्नखात्याला हिरवा ठिपका, चौदा आकडी नंबर आणि वजनाच्या उतरत्या क्रमाने घटक हवेत. चिवड्यात शेंगदाणे आहेत, शंकरपाळ्यात गहू आहे, हेही ॲलर्जीवाल्यांसाठी वेगळं लिहावं लागतं. ‘आईच्या हातची चव’ ठळक आणि वजन कुठेच नाही, अशी पाकिटं मी दर दिवाळीत बघते.

मालाच्या धंद्याला जीएसटीची मर्यादा 40 लाखांची, म्हणून बहुतेकजणी निर्धास्त असतात. पण कोल्हापूरहून निपाणीच्या दुकानदाराला लाडवांची पेटी विकली की राज्याची हद्द ओलांडली. लाडवावर कर आहे, त्यामुळे तिथे उलाढाल कितीही कमी असली तरी नोंदणी लागते. सीमाभागातल्या माणसाला हे पटवणं कठीण जातं.

विजेचं मात्र महावितरणने समजुतीने घेतलंय. घराच्या एका भागात धंदा असेल आणि वापर महिन्याला 300, वर्षाला 3,600 युनिटांच्या आत असेल, तर घरगुती दरच लागतो. गॅसला अशी सवलत नाही. विक्रीच्या फराळाला व्यावसायिक सिलिंडरच हवा. घरगुती लाल सिलिंडरवर चाललेल्या कढया सगळ्यांना माहीत आहेत, बोलत कोणी नाही.

आणि मदतीची बाई? 2017च्या दुकाने कायद्यात आता वीसपेक्षा कमी कामगार असले तर नोंदणीही नको, नुसती ऑनलाइन सूचना पुरते. लोक अजून त्याला गुमास्ताच म्हणतात. पण शहरांच्या विकास नियमावल्यांत राहत्या घरात चालणारा उद्योग म्हणजे घरच्या माणसांनी, पगारी हात न लावता केलेला. दिवाळीच्या तोंडावर हे जमतं कुणाला? सूनबाई नोकरीवर असते, सोऱ्या दाबायला शेजारच्या वस्तीतली बाई येते. माझ्या मते हा नियम बदलायला हवा. निदान दोन-तीन मदतनिसांची सोय त्यात हवी. तोवर मी एवढंच सुचवते की, जिन्यात तेलाचे डबे रचायला लागले, सोसायटीचं पहिलं पत्र आलं, की भाड्याचा गाळा शोधायला घ्या.