कुटलेली गोळी

टेंभुर्णीत मेडिकल चालवताना मी वर्षानुवर्षं गिऱ्हाइकांना सांगत आलो: औषध तेच, मिलिग्रॅम तेवढेच, मग गोळी अख्खी गिळा नाहीतर कुटून घ्या, पोटात सगळं एकच. हे माझं मत आता राहिलेलं नाही. त्याची किंमत मात्र एका आजींनी मोजली.

त्यांच्या सुनेनं विचारलं होतं, "भाऊ, आत्याबाईला दात नाहीत, गोळी घशात अडकते. बारीक करून दिली तर चालंल का?" स्ट्रिपकडं न बघताच मी "चालंल की" म्हणालो. गोळी मेटोप्रोलॉलची, 'एक्सआर' होती. हृदयाचे ठोके आणि रक्तदाब आवरणारं हे औषध ती जवळपास दिवसभर थोडं थोडं सोडते. कुटल्यावर सगळं एकदम सुटलं. दीड तासात आजींच्या डोळ्यांपुढं अंधारी आली आणि त्या ओट्यावरून पडल्या. जालन्याला नेलं तेव्हा नाडी चाळीसच्याही खाली होती. त्या वाचल्या. तिथल्या डॉक्टरांनी सुनेला पहिलं विचारलं, "गोळी कशी दिली?"

मग मी वाचायला बसलो. 1971 साली अमेरिकेत लिंडेनबॉम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हृदयाच्या डिगॉक्सिन या औषधाच्या गोळ्या तपासल्या. मात्रा सारखीच, तरी एका गोळीनं रक्तात चढणारं औषध दुसरीच्या सातपटीपर्यंत. पुढच्याच वर्षी ब्रिटनमध्ये एका डिगॉक्सिन गोळीची नुसती बनवण्याची रीत बदलली, तर तिचं शोषण जवळपास दुप्पट झाल्याचं आढळलं. डिगॉक्सिन बरंचसं लघवीवाटे बाहेर पडतं. धडधाकट माणसात ते निम्म्यावर यायला दीड-दोन दिवस लागतात, किडनी पार थकलेली असेल तर चार-पाच दिवसही. म्हाताऱ्या शरीरात किडनी मंदावलेली असली, तर जास्तीचं औषध साचत जातं.

स्ट्रिपवरचा आकडा गोळीत किती औषध आहे एवढंच सांगतो. रक्तात किती, किती वेगानं जाणार आणि किती दिवस राहणार, हे गोळीची घडण आणि माणसाचं शरीर ठरवतं. वीस वर्षं काउंटरमागं बसून मी हे शिकलो नव्हतो.

मी आजींच्या घरी गेलो आणि सुनेला म्हणालो, "बाई, चूक माझी होती." ती इतके दिवस स्वतःलाच दोष देत होती.

आता 'एक्सआर' किंवा तशीच हळूहळू औषध सोडणारी 'एसआर' गोळी दिसली की स्ट्रिपवर पेनानं लिहितो: कुटू नका. गोळी गिळवत नसेल तर आधी डॉक्टरांना फोन लावतो, मगच उत्तर देतो.