कागदावरचा तेलाचा डाग

मैत्रिणींनो, घरात काही मोडलं की आपला पहिला प्रश्न ठरलेला असतो, "कुणी मोडलं?" मिक्सर बंद पडो, कपबशी फुटो नाहीतर नळाची तोटी गळो, आधी गुन्हेगार शोधायचा. "का मोडलं?" हा दुसरा प्रश्न बहुधा राहूनच जातो. आज त्या दुसऱ्या प्रश्नाविषयी लिहिते आहे. उदाहरण मात्र स्वयंपाकघरातलं नाही, झाडं कापायच्या मशीनचं आहे.

आम्ही परभणी जिल्ह्यात सेलूला राहतो. थोडी कोरडवाहू जमीन आहे, पण घर चालतं ते या मशीनवर. पेट्रोलवर चालणारी 58 सी.सी.ची साखळी करवत. बांधावरच्या बाभळी, वाळलेल्या मोसंबीच्या बागा, पावसाळ्याआधी घरावर आलेल्या फांद्या, अशी कामं आमचे हे घेतात. हाताखाली शेजारच्या गल्लीतला एक मुलगा आहे. बाप नाही, आई चार घरची भांडी घासते. मशीनमध्ये पेट्रोल भरायचं काम त्याचं.

गेल्या मे महिन्यात, ऐन कामाच्या दिवसांत, मशीन चालता चालता जाम झाली. दोरी ओढली तर हलेना. आमचे हे घरी आले तेच चिडून. "पोरानं तेल न घालता नुसतं पेट्रोल भरलं. आता या महिन्याच्या पगारातूनच दुरुस्तीचे पैसे कापतो!" पोरगा दाराशी खाली मान घालून उभा. "वहिनी, मी तेल घातलं होतं," एवढंच म्हणाला.

आता तुम्ही म्हणाल, पेट्रोलमध्ये तेल कशाला? तर त्याचं असं आहे. शेतातल्या डिझेलच्या ऑईल इंजिनात तेल खाली वेगळं साठवलेलं असतं. या छोट्या टू-स्ट्रोक इंजिनात तशी सोयच नाही. सिलिंडरच्या नळकांड्यात पिस्टन मिनिटाला हजारो वेळा वरखाली होतो आणि त्याला लागणारं तेल पेट्रोलमधूनच मिळतं. जुन्या टू-स्ट्रोक स्कूटरसाठी पंपावर 'टू-टी' ऑईल घालून घेत असत, आठवतं ना? तेच ते. तेल नसेल तर पिस्टन तापतो, फुगतो आणि भिंतीला घासून चिकटतो. म्हणजे यांचा संशय अगदीच बिनबुडाचा नव्हता.

पण संशय तो संशय. मी टाकीतल्या उरलेल्या पेट्रोलचे चार थेंब पांढऱ्या कागदावर टाकले आणि कागद अंगणात वाळत ठेवला. नुसतं पेट्रोल उडून जातं, मागे काही राहत नाही. आमच्या कागदावर मात्र भजी ठेवल्यावर पडतो तसा चांगला तेलकट डाग राहिला. तेल किती घातलं ते कागद सांगत नाही, पण घातलं होतं हे नक्की झालं. मापासाठी पोराला विचारलं, तर त्यानं खोकल्याच्या औषधाचं झाकण काढून दाखवलं. लिटरला 40 मिलिलिटर, मशीनबरोबरच्या कागदावर लिहिलेलं तेवढंच.

मग मशीन परभणीला मिस्त्रींकडे नेली. मीही गेले. एका दुकानदारानं आधीच सांगितलं होतं, "फेकून द्या, नवी घ्या." मिस्त्रींनी सिलिंडर उघडला. पिस्टनवर सायलेन्सरच्या बाजूने उभे ओरखडे होते आणि त्याचं ॲल्युमिनियम सिलिंडरच्या भिंतीला सारवल्यासारखं लागलं होतं. "किट टाकलं की होईल," ते म्हणाले. किट म्हणजे नवा सिलिंडर, पिस्टन, रिंगा, पिन आणि तिची लॉकं. खर्च नव्या मशीनच्या मानानं फारच थोडा.

"पण जाम झाली कशानं? ते नाही कळलं तर नवा पिस्टनही जळेल की," मी म्हटलं. मिस्त्री हसले आणि पोराकडे वळले, "आधी काही वेगळं वाटलं होतं का रे?" तो म्हणाला, "चार दिवसांपासून मशीन सोडून दिली तरी आपोआप जोरात पळायची." मिस्त्रींनी लगेच कार्बोरेटर आणि सिलिंडर यांच्यामधला रबरी तुकडा काढून वाकवला. आतून लांबलचक चीर! तिच्यातून वरची हवा आत शिरत होती. हवा जास्त झाली की पेट्रोल कमी पडतं आणि त्याबरोबर येणारं तेलही कमीच. पोरानं माप बरोबर घातलं होतं, पण ते पिस्टनपर्यंत पुरेसं पोचतच नव्हतं.

आमचे हे काही बोलले नाहीत. तिथल्या तिथे पोराला चहा सांगितला. महिन्याचा पगार पूर्ण दिला.

दुरुस्ती करून घेणाऱ्या भगिनींसाठी दोन गोष्टी सांगते. जुन्या चेतक स्कूटरचा सिलिंडर बिडाचा असे, त्याला बोअर मारून किंचित मोठा पिस्टन बसवता येई. या मशीनचा सिलिंडर ॲल्युमिनियमचा असतो आणि आतून कल्हईसारखा पातळ, कडक मुलामा असतो. तो खरवडला गेला की बोअर मारून उपयोग नाही, सिलिंडर बदलावाच लागतो. पिस्टनवरचा बाण सायलेन्सरकडे हवा. पिनची लॉकं नवीनच घालावीत, जुनी सुटली तर नवा सिलिंडरही जातो. खालचं पॅकिंगही नवं घ्यावं. फिटिंग करताना पिस्टनला आणि भिंतीला तेलाचा हात द्यावा. पहिल्या दोन-तीन टाक्या जाड खोडाला लावू नये, नव्या रिंगा बसायला वेळ लागतो.

आणि पेट्रोलचं म्हणाल तर हल्ली त्यात 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते ओलावा ओढून घेतं, म्हणून तेल मिसळलेलं पेट्रोल लागेल तेवढंच करावं, महिनोन् महिने ठेवू नये. डबा गॅसजवळ नको, देवघरातल्या समईजवळ तर नकोच.

मशीनचं काम पुरुषांचं, असं म्हणून आपण बाजूला होतो. पण तिच्या कमाईवर पोरांच्या फिया भरतो त्या आपणच, आणि पगार कापला गेला तर त्या आईच्या घरी काय शिजणार हेही आपल्यालाच आधी कळतं. तेव्हा घरात काही मोडलं, आणि बोट दाखवायला एखादं गरिबाचं पोर समोर उभं असलं, तर "कुणी?" विचारण्याआधी "का?" विचारा. कागदाचा एक कपटा आणि पेट्रोलचे चार थेंब, याहून जास्त काही लागत नाही.